आर.ए. असलेल्यांच्या हृदयाचा धोका: दीडपटीचं गणित, आणि ते करायचं कुणी?

सई_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आधी आरोग्य विभागात शोधलं, या विषयावर धागा सापडला नाही म्हणून नवीन काढतेय.

आईला (वय ५८) दहा-बारा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आर.ए., शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्यांवर उलटते तो संधिवात) आहे. मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) कायम, दुखणं उसळलं की स्टिरॉइडचा छोटा कोर्स. शुगर नाही, बीपी काठावर, वजन बेताचं. साताऱ्यात आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये तिचं वय, बीपी, कोलेस्टेरॉल घालून पुढच्या दहा वर्षांत हार्ट ॲटॅक किंवा स्ट्रोक येण्याची शक्यता काढली. सात टक्के आली. "निवांत राहा" म्हणाले. तोच कागद पुण्यातल्या रूमॅटॉलॉजिस्ट मॅडमनी पाहिला आणि म्हणाल्या, याला दीडने गुणायचं. म्हणजे साडेदहा. मग पुढे काय, असं विचारलं तर "ते फिजिशियन बघतील." फिजिशियन म्हणाले, सांध्यांच्या औषधांत मी हात घालत नाही, कार्डिओलॉजिस्टना दाखवून घ्या.

हे दीड आलं कुठून? तपासण्या कोणत्या आणि कधी करायच्या? आणि हे काम नक्की कुणाचं? ज्या आजारात दर तीन महिन्यांनी रक्त काढतात, त्यात हृदयाचा हिशोब एकदा तरी व्हायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन न चुकता होतं. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) मात्र आईच्या जाडजूड फाइलमध्ये एकच सापडलं.

गवती_चहा

वाचतेय. मलाही आर.ए. आहे आणि आजवर कुणीही माझ्यापाशी हृदयाचा विषय काढलेला नाही.

स्टेथोस्कोप

सई, चांगला धागा काढलात. मी फिजिशियन आहे, रूमॅटॉलॉजिस्ट नाही, पण आर.ए.चे पेशंट रोज बघतो.

दीडचा आकडा युलारचा. युलार म्हणजे युरोपातली संधिवाततज्ज्ञांची संघटना. २००९ च्या त्यांच्या शिफारशींत दीडपट सरसकट नव्हती. आजार दहा वर्षांहून जुना, आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी (आर.ए.मध्ये रक्तात सापडणाऱ्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, आणि सांध्यांबाहेरही आजाराची लक्षणं, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच गुणायचं होतं. पुढे २०१७ साली छापून आलेल्या सुधारित शिफारशींत त्या अटी काढल्या आणि आर.ए. असलेल्या सगळ्यांसाठीच दीडपट धरायला सांगितलं. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनीही २०२१ मध्ये हाच आकडा घेतला.

कारण सोपं आहे. नेहमीचे कॅल्क्युलेटर वय, लिंग, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट एवढंच विचारतात. सूज नावाचा रकानाच त्यात नाही. आर.ए.मध्ये जी सूज बोटांच्या पेरांत दिसते तीच रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही चालू असते. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही तीच दोन रसायनं सांधा पोखरतात आणि धमनीतला थर कच्चा, फुटायला सोपा करतात. म्हणून सात टक्के हे उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे.

किती वेळा मोजायचं? निदान पाच वर्षांतून एकदा, आणि औषधं मोठ्या प्रमाणावर बदलली की पुन्हा.

लेस्टरकर

स्टेथोस्कोपांशी सहमत, फक्त एक महत्त्वाची जोड. मी इकडे इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे. इथे जे कॅल्क्युलेटर वापरतात त्याचं नाव क्यूरिस्क३, ते २०१७ चं. त्यात आर.ए.चा रकाना आहे, ल्यूपसचा (संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटते असा आणखी एक आजार) आहे, "नियमित स्टिरॉइड गोळ्या घेता का" हाही आहे. वंश विचारतात, त्यात "भारतीय" निवडता येतं. तेव्हा क्यूरिस्क३ वापरलं असेल तर परत दीडने गुणू नका, एकाच गोष्टीची दोनदा मोजदाद होईल. सई, डॉक्टरांनी कोणतं कॅल्क्युलेटर वापरलं ते आधी विचारा.

दुसरं, ते इंग्लंडमधल्या लोकांच्या नोंदींवर बेतलेलं आहे. साताऱ्यात राहणाऱ्या बाईला त्याचं उत्तर अंदाज म्हणूनच घ्यावं. इथे १० टक्क्यांच्या वर उत्तर आलं की डॉक्टर स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, विषय काढतात.

"कुणाचं काम" याबद्दल: इथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत आर.ए.च्या पेशंटची वर्षातून एकदा सविस्तर तपासणी सांगितली आहे, आणि त्यात बीपी, हृदय, हाडांची घनता आणि नैराश्य हे सगळं बघायचं असतं. कागदावर तरी वाली ठरलेला आहे.

सह्यकडा

मला हे जरा अति वाटतं. सात काय नि साडेदहा काय, माणूस तोच, जेवण तेच. आमच्या आजीला आयुष्यभर वात होता, गुडघे धरून बसायची, नव्वदी पार करून गेली. हृदय ठणठणीत. आधीच गोळ्यांनी पोट भरलेल्या पेशंटच्या डोक्यात आणखी एक भीती कशाला घालायची?

स्टेथोस्कोप

सह्यकडा, आजींचा वात बहुधा झिजेचा असावा, ऑस्टिओआर्थ्रायटिस. वय झालं की गुडघा झिजतो, तो आजार वेगळा. इथे बोलणं चाललंय ते शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा सांध्यांवर उलटते त्या आजारांचं: आर.ए., ल्यूपस, सोरायसिसचा संधिवात, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. आपल्याकडे सगळ्यालाच "वात" म्हणतात आणि तिथेच गाडी चुकते. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली, मनगटं-बोटांचे सांधे दोन्ही बाजूंना सुजलेले, ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला, असं असेल तर तो गुडघ्याच्या तेलाने जाणारा वात नव्हे.

निशिगंध७१

सह्यकडा, भीती घालू नये हे मान्य. पण आमच्या घरातलं सांगते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आर.ए. होता. एका संध्याकाळी डावा खांदा आणि जबडा दुखायला लागला. खांदा तर त्यांचा नेहमीच दुखायचा. शेकून झालं, बाम चोळून झाला, रोजच्या दुखण्याची गोळी झाली. रात्री घाम फुटला तोही "औषधाचा" वाटला. सकाळी ईसीजी काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ॲटॅक येऊन बारा तास तरी झालेत. त्या वाचल्या, पण हृदयाचं पंपिंग कायमचं कमी झालं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून कठड्याला टेकायच्या, आणि तेव्हाही हात गुडघ्यावरच असायचा.

ज्याला रोजच दुखतं, त्याला नवीन दुखणं वेगळं कसं ओळखू येणार?

गवती_चहा

बापरे. माझाही डावा खांदाच धरतो.

स्टेथोस्कोप

निशिगंधताई, तुमच्या जाऊबाईंसारखं घडतं याची नोंद आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या ऑल्मस्टेड काउंटीतल्या लोकांचा वर्षानुवर्षांचा वैद्यकीय तपशील जपलेला आहे. त्यावरचा २००५ चा अभ्यास सांगतो की आर.ए. असलेल्यांत छातीत दुखल्याची तक्रार इतरांपेक्षा कमी नोंदली जाते, आणि लक्षात न आलेला हार्ट ॲटॅक व अचानक मृत्यू मात्र जास्त. कारणं तुम्ही लिहिलीच आहेत. शिवाय सांध्यांमुळे माणूस फार चालत नाही, धाप लागण्याची वेळच येत नाही, आणि दुखण्याच्या गोळ्यांनी कळ दबते.

गवती_चहा, घाबरू नका. सांध्याचा खांदा हात फिरवला, वर उचलला की जास्त दुखतो. हालचालीशी संबंध नसलेलं, छाती-जबडा-दंडात दाटून येणारं, सोबत घाम किंवा मळमळ असलेलं दुखणं असेल तर बाम बाजूला ठेवून थेट ईसीजी. फरक कळत नसेल तरीही ईसीजी.

अनुस्वार_पुणे

इथे एक व्यावहारिक अडचण. माझ्या बाबांना (आर.ए., दोन्ही घोटे गेलेले) स्ट्रेस टेस्ट सांगितली. ट्रेडमिलवर चार पावलंसुद्धा टाकता येईनात. टेस्ट अर्धवट, रिपोर्टवर "निष्कर्ष काढता येत नाही". पैसे गेले ते गेलेच.

स्टेथोस्कोप

अशा पेशंटना ट्रेडमिल सांगूच नये. औषधाने हृदयाचा वेग वाढवून करतात तो डोब्युटामिन स्ट्रेस एको किंवा इंजेक्शन देऊन केलेला थॅलियम स्कॅन, हे पर्याय असतात. पण ही लक्षणं असलेल्यांची गोष्ट झाली. लक्षणं नसलेल्यांत धोका काठावर असेल तर मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी करून थर साचलाय का ते पाहता येतं, युलारनेही ती सुचवली आहे. थर दिसला तर मग कॅल्क्युलेटरच्या टक्क्यांवर अडून राहायचं कारण नाही.

गवती_चहा

कालपासून माझ्या जुन्या फायली काढून बसलेय. हे बघा काय सापडलं. दोन वर्षांपूर्वी आजार भडकला होता तेव्हा ईएसआर ८०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ८२. औषध लागू पडल्यावर ईएसआर २२, एलडीएल १२१. तेव्हा घरी सगळे म्हणाले होते, या औषधानेच कोलेस्टेरॉल वाढवलं, बंद कर. मी बंद केलं नाही, पण मनात शंका राहिलीच. याचा अर्थ काय?

स्टेथोस्कोप

तुमच्या दोन कागदांत या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आली आहे.

सूज जोरात असताना शरीर कोलेस्टेरॉल भराभर वापरून टाकतं, एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल दोन्ही खाली येतात. धोका मात्र तेव्हाच सगळ्यांत जास्त असतो. एलडीएल ८२ बघून "वा, छान" म्हणणारा डॉक्टरही फसतो आणि पेशंटही. औषधाने सूज उतरली की एलडीएल आपल्या मूळ पातळीवर येतं. ते वाढलं नाही, दबलेलं होतं ते उघडं पडलं. इंटरल्यूकिन-६ रोखणाऱ्या टोसिलिझुमॅबसारख्या औषधांनी ते बरंच वर जातं, पण त्याची टीएनएफ रोखणाऱ्या एटानरसेप्टशी समोरासमोर तुलना झाली तेव्हा हृदयविकाराचा धोका जास्त आढळला नाही.

म्हणून लिपिड प्रोफाइल आजार शांत असताना करायचं, भडकलेला असताना केलेल्यावर निर्णय घ्यायचा नाही. आणि एकट्या एलडीएलपेक्षा एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) हे गुणोत्तर बघावं, सुजेच्या चढउतारात ते कमी हेलकावे खातं. एचएस-सीआरपी या सूज मोजणाऱ्या तपासणीचा हृदयासाठी म्हणून आर.ए.मध्ये फारसा उपयोग नाही, सांध्यांमुळेच तो वाढलेला असतो.

सई_कृष्णाकाठ

आईचं ते एकमेव लिपिड प्रोफाइल नेमकं ती अंथरुणाला खिळली होती त्या महिन्यातलं आहे! म्हणजे सात टक्के निघाले तेच मुळात कमी असणार.

स्टेथोस्कोप

शक्य आहे. पुन्हा करून घ्या.

भीमथडी

उशिरा येतोय. मी बारामती-भिगवण पट्ट्यातला, आरोग्यसेवेत आहे. भिगवणचं नाव संधिवाताच्या जगात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा यांच्या पुढाकाराने तिथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाचा तो भाग होता. मोठ्या माणसांत आर.ए.चं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. टक्का लहान दिसतो, पण महाराष्ट्राच्या लोकसंख्येला लावून बघा.

मला सांगायचंय ते मशेरीबद्दल. कॅल्क्युलेटर विचारतं, सिगारेट ओढता का? आमच्याकडची बाई म्हणते, "इश्श, नाही." रकाना कोरा. आणि तीच बाई पहाटे चुलीपाशी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजते, चुरते, डबीत भरते आणि दिवसातून चार वेळा बोटाने हिरड्यांना चोळते. हे कुठल्याच गणितात येत नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांतही हार्ट ॲटॅकचं प्रमाण दुपटीच्या आसपास निघालं होतं. म्हणून मी "धूम्रपान" असं विचारतच नाही. "मावशी, डबी कुठंय?" असं विचारतो. बहुतेक वेळा कनवटीतून निघते.

निशिगंध७१

भीमथडी, हे फार खरं लिहिलंत. माझ्या माहेरी निम्म्या बायकांच्या उशाखाली ती डबी असते आणि डॉक्टरांसमोर एकही कबूल करणार नाही.

लेस्टरकर

सिगारेट-बिडी तर आर.ए.ला दोन्हीकडून पोसते. ती आजार व्हायलाही कारण ठरते, विशेषतः अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असलेला, आणि पुढे हृदयालाही. बाबा, काका, आजोबा कुणी ओढत असतील तर हा प्रतिसाद त्यांना दाखवा.

पेटीवाला

अवांतर: माझी आजी मेथोट्रेक्सेटला "मेथीच्या गोळ्या" म्हणते आणि शेजारणींना आग्रहाने सांगते की मेथी आठवड्यातून एकदाच खायची, सोमवारी. सोसायटीतल्या चार घरांत सोमवारी मेथीची भाजी होते. आजींच्या प्रसारशक्तीला सलाम.

लेस्टरकर

पेटीवाला, आजींना नमस्कार सांगा! "आठवड्यातून एकदाच" हे त्यांनी पक्कं धरलंय हे उत्तम. ही गोळी चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत.

अश्वगंधा_वैद्य

मी आयुर्वेदाची पदवीधर, प्रॅक्टिस करते. आर.ए.शी जुळणाऱ्या आमवाताचं वर्णन माधवनिदान या आमच्या जुन्या ग्रंथात सविस्तर आहे, आणि तिथेही तो फक्त सांध्यांचा आजार नाही, हृदयाचाही उल्लेख येतो. सुंठ, एरंडस्नेह, लघु आहार यांनी पेशंटना बरं वाटतं हे मी बघते. इथे सगळी चर्चा गोळ्यांभोवती फिरतेय म्हणून लिहिलं. गुग्गुळ कोलेस्टेरॉलवरही काम करतो असं आम्ही शिकलो.

स्टेथोस्कोप

वैद्यताई, आहाराबद्दल दुमत नाही. गुग्गुळाबद्दल मात्र आहे. २००३ साली अमेरिकेत त्याची नीट चाचणी झाली, त्यात एलडीएल उतरलं नाही, उलट थोडं वाढलं. तेव्हा स्टॅटिनच्या जागी गुग्गुळ असं कुणी करू नये.

अश्वगंधा_वैद्य

त्या चाचणीतला आहार आणि प्रकृती आपल्यापेक्षा वेगळी होती, हा माझा आक्षेप राहील. पण चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये यावर आपलं एकमत आहे, आणि ते मी माझ्या प्रत्येक पेशंटला सांगते. त्याहून मोठा धोका म्हणजे आयुर्वेदाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या. वाताची पुडी घेतली, दोन दिवसांत माणूस पळायला लागला, असं ऐकलं की मला आनंद होत नाही, धास्ती वाटते. आमच्या शास्त्रातलं कुठलंही औषध दोन दिवसांत असं काम करत नाही.

भीमथडी

ताई, शंभर टक्के. त्या पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी अशा पुड्या मिळतात. वर्षभराने बाई तपासायला येते ती चेहरा गोल झालेला, बीपी १७०, शुगर वाढलेली, हात लावला की काळानिळा डाग. आता हिचा हृदयाचा धोका कोणत्या कॅल्क्युलेटरवर मोजायचा? "स्टिरॉइड घेता का" म्हटलं तर ती प्रामाणिकपणे नाही म्हणते, तिला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात या पुड्या एकदम बंदही करता येत नाहीत, शरीराची स्वतःची स्टिरॉइड तयार करण्याची सवय मोडलेली असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावं लागतं. मला या विक्रेत्यांचा मनापासून संताप येतो.

लेस्टरकर

औषधांवर आलोच आहोत तर दुखण्याच्या गोळ्यांचंही बोलू. रोफेकॉक्सिब नावाची गोळी २००४ मध्ये हार्ट ॲटॅकच्या कारणाने जगभरातून मागे घेतली. नंतर लक्षात आलं की आपली रोजची डायक्लोफिनॅकही फार मागे नाही. २०१३ पासून युरोपात हृदयविकार असलेल्यांना डायक्लोफिनॅक देत नाहीत. एटोरिकॉक्सिब बीपी ताब्यात नसेल तर द्यायची नाही. भारतात या दोन्ही गोळ्या काउंटरवर सहज मिळतात, आणि काठावरचं बीपी काठ ओलांडतं ते कित्येकदा यांच्यामुळेच. आर.ए.साठी देतात त्या लेफ्लुनोमाइडनेही बीपी वाढतं. सई, आईंना दुखण्याची कोणती गोळी चालू आहे?

सई_कृष्णाकाठ

एटोरिकॉक्सिब. "लागेल तशी" लिहिलेली आहे आणि तिला जवळपास रोजच लागते.

स्टेथोस्कोप

मग बीपी काठावर का आहे याचं एक कारण इथेच सापडलं असेल. रोज दुखण्याची गोळी लागते याचा अर्थ मूळ आजार पुरता आटोक्यात नाही. ते रूमॅटॉलॉजिस्टना स्पष्ट सांगा. "बरं आहे" म्हणून येऊ नका. सूज आटोक्यात आणणं हाच हृदयाचाही उपचार आहे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत हृदयविकार साधारण एकवीस टक्क्यांनी कमी आढळतो, असं २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे. गंमत म्हणजे सांध्यांचा आजार नसलेल्या हृदयरोग्यांना मेथोट्रेक्सेट देऊन पाहिलं तेव्हा काही फायदा झाला नाही. म्हणजे ते हृदयाचं औषध नव्हे. आजार शांत होतो, म्हणून हृदय वाचतं.

काळा_कातळ

माझा प्रश्न टोफासिटिनिबबद्दल. कोकणातून इंजेक्शनांसाठी मुंबईला खेटे घालणं जमत नाही म्हणून डॉक्टरांनी ही गोळी दिली. स्वस्तात मिळते, सांधे तर एकदम मोकळे झाले. पण यूट्यूबवर पाहिलं की हिने हार्ट ॲटॅक येतो. वय ६१, पूर्वी बिडी ओढायचो.

लेस्टरकर

कातळभाऊ, ऐकलेलं पूर्ण खोटं नाही, आणि घाबरून आज रात्री गोळी फेकण्याइतकंही नाही. पन्नाशीपुढचे आणि हृदयाचा निदान एक धोका असलेले आर.ए.चे चार हजारांवर पेशंट घेऊन हा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला. काही वर्षांच्या पाठपुराव्यात हार्ट ॲटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू टोफासिटिनिब घेणाऱ्यांत ३.४ टक्के, टीएनएफविरोधी इंजेक्शनं घेणाऱ्यांत २.५ टक्के. म्हणजे शंभरात साधारण एकाचा फरक. युरोपात त्यानंतर ६५ वर्षांपुढच्यांना, आणि आज किंवा पूर्वी बराच काळ धूम्रपान केलेल्यांना, दुसरा पर्याय नसेल तरच ही गोळी द्यावी असं ठरलं. तुमची बिडी इथे मोजली जाते. डॉक्टरांना बिडीचं सांगितलंय का?

काळा_कातळ

विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सोमवारी फोन करतो.

स्टेथोस्कोप

सह्यकडा, सात आणि साडेदहाने काय फरक पडतो त्याचं हे उत्तर. कोणतं औषध द्यायचं तेच यावरून ठरतं.

सह्यकडा

हे पटलं. टक्के घाबरवायला असतात असं मला वाटत होतं, औषध निवडायला लागतात हे लक्षात आलं नव्हतं. आता एक सांगा, व्यायामाचं काय? सूर्यनमस्कार चालतील का?

निशिगंध७१

मनगटं सुजलेली असताना जमिनीवर हात टेकून नकोत. आमच्या योगशिक्षिका जाऊबाईंकडून भिंतीला हात टेकवून करून घ्यायच्या, तेही तळवा न टेकता मूठ वळून. आजार भडकलेला असेल तर नुसतं चालणं. नाही जमलं तर खुर्चीत बसून पाय उचलणं. पण रोज काहीतरी हवंच, सांधे जपायच्या नादात हृदय बसून राहतं. आणि कंबर मोजा: आपल्या बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०, त्यापुढे गेली की सावध.

मिठाची_पाटी

पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी ३४ वर्षांची, तिला ल्यूपस आहे. इंटरनेटवर वाचलं की ल्यूपसमध्ये हार्ट ॲटॅक पन्नासपट. रात्रभर झोप लागली नाही.

स्टेथोस्कोप

ताई, तो आकडा १९९७ च्या अमेरिकी अभ्यासातला आहे, ३५ ते ४४ वयाच्या बायकांची तुलना होती. आकडा खरा आहे. पण त्या वयाच्या निरोगी बाईला हार्ट ॲटॅक येणं इतकं दुर्मीळ असतं की त्याच्या पन्नासपट म्हणजेही बहुसंख्य मुली सुखरूप असतात. यातून घ्यायचं ते एवढंच: "वय लहान आहे" म्हणून कॅल्क्युलेटर तिला जवळपास शून्य टक्के दाखवेल, त्यावर विसंबू नका. बीपी, लघवीतलं प्रोटीन, लिपिड नियमित बघा. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्ताच्या गुठळ्या व्हायला कारण ठरणाऱ्या) तपासल्यात का ते विचारा. एचसीक्यू चुकवू देऊ नका, ल्यूपसमध्ये ती गोळी अनेक बाजूंनी राखण करते. गरोदरपणात बीपी वाढलं असेल किंवा पाळी लवकर गेली असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, बाईच्या हृदयाच्या हिशोबात दोन्ही येतं.

मिठाची_पाटी

खूप आभार डॉक्टर. एचसीक्यू ती मधूनच सोडते. आज बोलते तिच्याशी.

पेटीवाला

युरिक ॲसिडवाले आम्हीही रांगेत आहोत का?

स्टेथोस्कोप

गाउटमध्येही (युरिक ॲसिडचा संधिवात) धोका वाढलेला असतो, हो. फक्त दीडचा गुणक आर.ए.साठी आहे, तो गाउटला किंवा स्पॉन्डिलायटिसला तसाच लावत नाहीत. बीपी, वजन, किडनी, दारू हे बघून ठरवायचं.

सई_कृष्णाकाठ

मंडळी, कळवते. आईचं लिपिड पुन्हा केलं, या वेळी आजार शांत असताना. एलडीएल आधीपेक्षा बरंच जास्त आलं. फॅमिली डॉक्टरांना हा धागाच दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला, मग क्यूरिस्क३ उघडून आर.ए.चा रकाना भरला. उत्तर १२ टक्क्यांच्या जरा वर आलं. त्यांनी स्वतः रूमॅटॉलॉजिस्ट मॅडमना फोन लावला. ठरलं ते असं: मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवायचा, एटोरिकॉक्सिब बंद करायचा प्रयत्न, रात्री स्टॅटिनची छोटी गोळी, बीपी घरी मोजून वहीत लिहायचं. आणि वर्षातून एकदा हे गणित फॅमिली डॉक्टरच करतील, कागद मॅडमना जाईल. दोघांचा फोन पाच मिनिटांचा होता, आम्ही मात्र तेवढ्यासाठी इतके महिने फिरत होतो.

आता आईची शंका: स्टॅटिनने अंग दुखतं म्हणतात. तिचं आधीच दुखतंय.

स्टेथोस्कोप

तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

स्टॅटिनचं दुखणं सांध्यांत नसतं, मांड्या-दंडांच्या स्नायूंत असतं, आणि सहसा दोन्ही बाजूंना सारखं. गोळी सुरू करण्याआधी कुठे कुठे दुखतं ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. फारच दुखलं तर सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासतात. आर.ए.च्या पेशंटमध्ये ॲटोर्व्हास्टॅटिनची मोठी चाचणी झाली होती, सुमारे तीन हजार जणांची. अपेक्षेपेक्षा कमी ॲटॅक आल्याने ती लवकर थांबवावी लागली, त्यामुळे फायद्याचा कल दिसूनही तो पक्का सिद्ध झाला नाही. पण एलडीएल चांगलं उतरलं आणि त्रास औषध नसलेल्या नकली गोळीइतकाच झाला.

गवती_चहा

सई, वाचून फार बरं वाटलं. माझी अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, दोन्ही रिपोर्ट आणि हा धागा छापून नेतेय. बीपीचं मशीन कोणतं घेतलंत? मला मनगटावरचं सोपं वाटतं, दंडाचा पट्टा एका हाताने आवळता येत नाही.

लेस्टरकर

मनगटाचं नको, त्यात चूक जास्त येते, आणि सुजलेल्या मनगटावर ते आवळल्याने दुखतंही. दंडाचंच घ्या. आधीच गोल केलेला, कडक कडा असलेला पट्टा मिळतो, त्यात हात नुसता सरकवायचा असतो. घेण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजा: २२ ते ३२ सेंटिमीटरला नेहमीचा पट्टा चालतो, त्याहून जाड दंडाला मोठा मागून घ्या, नाहीतर बीपी उगाच जास्त दाखवेल.

सई_कृष्णाकाठ

आम्ही तोच कडक कडांचा घेतलाय. आई स्वतःच्या हाताने घालते, पण चिकटपट्टी सोडवायला बोटांना जोर पुरत नाही, म्हणून बाबांनी टोकाला कापडाचं कडं शिवून दिलंय. त्यात बोट अडकवून ओढते.

गवती_चहा

कड्याचा फोटो टाकाल का?